स्वराज्याचा श्रीगणेशा करणारे नाथमाधव

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आम्ही मंडळाचे पुस्तकांचे कपाट आवरायला काढले. वाळवीने अर्धे काम आधीच उरकले होते. जे वाचले त्यात सुतळीने बांधलेले, पुठ्ठा निघालेले एक जाडजूड पुस्तक होते. सुरुवातीची सोळा पाने नाहीत, शेवट नाही. पण पानांच्या कडा इतक्या मळलेल्या, की ते किती हातांतून फिरले असेल याचा अंदाज यावा. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी दोन-चार पाने चाळली आणि लगेच नाव सांगितले: ‘वीरधवल’, लेखक नाथमाधव. तरुण मंडळींनी हे नाव ऐकलेच नव्हते. साठी ओलांडलेल्या आम्ही ऐकले होते, पण त्यापुढे काही सांगता येईना. ज्यांच्या कादंबऱ्या आपल्या आज्यांनी दुपारची झोप मोडून वाचल्या, त्यांचे खरे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसावे याची लाज वाटली. म्हणून यंदा स्मरणिकेत त्यांचे चरित्र.

खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. स्वतःच्या नावातला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ जोडून टोपणनाव झाले. जन्म 3 एप्रिल 1882, मुंबईचा. शाळा मॅट्रिकच्या अलीकडेच सुटली आणि कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरी लागली. म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या हजारो तरुणांसारखेच आयुष्य. त्यात शिकारीचा नाद. लेखक होण्याची काही चिन्हे या वर्षांत दिसत नाहीत, आणि ती ओढूनताणून शोधण्यात अर्थही नाही.

1905 साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेपासून खालचे शरीर कायमचे लुळे पडले. वय तेवीस.

सिंहगडाचा कडा म्हटला की मराठी माणसाला तानाजी आठवतो. हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ वाचकांपर्यंत पोचलेली होती. ज्या गडाचे कडे चढून जाण्याची गोष्ट घराघरांत सांगितली जात होती, त्याच गडावरून हा तरुण खाली आला आणि पुढे आयुष्यभर कडे चढणाऱ्यांच्याच गोष्टी सांगत राहिला. हा योगायोग कादंबरीत घातला असता तर टीकाकारांनी नाके मुरडली असती.

इथे जरा थांबावेसे वाटते. अर्धांग लुळे झालेला माणूस आजही घराची परीक्षा पाहतो. आमच्यापैकी ज्यांनी अशा रुग्णाची सेवा केली आहे त्यांना हे सांगायला नको. दर काही तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला-कमरेला जखमा होऊ नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायचे, लघवीच्या विकाराची सतत धास्ती. आज हवेची गादी मिळते, औषधे मिळतात. 1905 साली पेनिसिलीन नव्हते. ते दवाखान्यांत पोचायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांची शास्त्रशुद्ध शुश्रूषा करणारा स्टोक मँडव्हिलचा प्रसिद्ध विभाग इंग्लंडात सुरू झाला तोही 1944 साली. त्याआधी असे रुग्ण बहुधा फार काळ जगत नसत. नाथमाधव पुढे तेवीस वर्षे जगले. पायांवर तेवीस, पायांविना तेवीस, अशी त्यांच्या आयुष्याची सरळ वाटणी आहे. आणि त्यांचे सगळे लेखन, अगदी सगळे, दुसऱ्या भागातले.

रुग्णालयात वेळ जाता जाईना तेव्हा वाचनाची सवय लागली. हाताला लागेल ते वाचायचे. त्या दिवसांत मराठी वाचकाला अद्भुताची आणि रहस्याची मोठी ओढ होती. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कथानकांवरून केलेल्या कादंबऱ्या खपत होत्या, ‘मनोरंजन’ मासिकाने घरोघरी वाचक तयार केला होता. वाचता वाचता लिहावेसे वाटले. ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी 1908 साली आली, म्हणजे अपघातानंतर अवघ्या तीन वर्षांत. पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’. ज्याला दारापर्यंत चालत जाता येत नव्हते त्याने आपला नायक समुद्रावरचा घेतला.

मग थांबणे नाहीच. ‘वीरधवल’ 1913 ची. आपल्या हिंदी शेजाऱ्यांना ती कशी असते हे सांगायचे तर देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ची आठवण करून द्यावी. राजपुत्र, कारस्थाने, वेषांतरे, गुप्त वाटा, आणि प्रकरण संपता संपता असे काही घडायचे की पुढचे पान उलटल्यावाचून राहवू नये. ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असे सांगतात. ‘वीरधवल’पायी किती घरांत वरणाला करप लागली त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्यानंतर ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’ आली. तिच्यात राजवाडा नाही. चांगल्या कपड्यांत वावरणाऱ्या ठकांची ती गोष्ट.

असे म्हणताना आम्हांला त्यांचे दोषही झाकायचे नाहीत. योगायोग फार, पाल्हाळ फार. पात्रे एकतर अगदी गुणी नाहीतर अगदी दुष्ट. जाणत्या समीक्षकांनी त्यांना हरिभाऊंच्या पंक्तीला कधी बसवले नाही, आणि ते बरोबरच आहे. पण लेखणीवर गुजराण करणाऱ्याची कादंबरी वाचकाने मागितली तरच पुढची छापली जाणार. सवडीने, चार वर्षांत एक पुस्तक लिहिण्याची चैन त्याला परवडत नाही. नोकरीची वाट बंद झालेली, शरीर रोज काहीतरी मागणारे. अशा माणसाने वाचकाचे मन राखले म्हणून त्याला हिणवणे आम्हांला पटत नाही.

शिवाय सगळे लेखन रंजनापुरते नव्हते. तीन भागांची ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी 1918 ते 1920 या काळात आली. मुंबईत इन्फ्लुएंझाने माणसे पटापट जात होती ते हे दिवस. स्त्रीशिक्षण, विधवांचे पुनर्विवाह हे प्रश्न त्यांनी अशा कादंबऱ्यांतून मांडले. सुधारकांचे निबंध ज्या माजघरात कधी शिरले नसते, तिथे हे विचार गोष्टीच्या पदराआडून शिरले. आमच्या मते हे त्यांचे सर्वांत कमी लक्षात राहिलेले काम आहे.

सर्वांत जास्त लक्षात राहिली ती स्वराज्यमाला. 1921 साली ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, मग ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’, ‘स्वराज्याचे परिवर्तन’, ‘स्वराज्यातील दुफळी’ अशा कादंबऱ्या एकामागून एक. साल ध्यानात घ्या. ऑगस्ट 1920 मध्ये लोकमान्य गेले होते. गांधीजींची असहकाराची चळवळ चालू होती आणि वर्षभरात स्वराज्य मिळेल असा बोलबाला होता. अशा वेळी मुखपृष्ठावरच ‘स्वराज्य’ हा शब्द घेऊन शिवाजी महाराजांची गोष्ट येते. सरकारला हरकत घ्यायला जागा नाही, आणि वाचणाऱ्याला काय वाचायचे ते बरोबर कळते. इतिहास म्हणून या पुस्तकांवर विसंबू नये. कल्पनेचा भाग त्यांत बराच आहे. पण पुढे विठ्ठल वामन हडपांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ लिहिली, त्या वाटेवर नाथमाधवांची पावले आधी उमटलेली होती. पावले हा शब्द त्यांच्या बाबतीत वापरताना अडखळायला होते, पण दुसरा सुचत नाही.

बऱ्हाणपूरकरांना या मालेत वेगळीच गोडी वाटली असणार. शिवकाल आपल्याकडे पुस्तकातून यावा लागत नाही. पुरंदरचा तह करायला लावणारे मिर्झाराजे जयसिंग 1667 साली इथेच वारले. त्यांची छत्री आपण सहलीला जाऊन पाहतो. संभाजी महाराजांची फौज 1681 साली या शहरावर चालून आली. तापीकाठचा शाही किल्ला, वर असीरगड. आमच्या आधीच्या पिढीला दूर पुण्याकडच्या गडांची नावे नाथमाधवांनी शिकवली, आणि मग सुट्टीत असीरगड चढताना मुलांनी त्याचाच राजगड केला. आम्हीही केला आहे. बुरुजावर कोणी मावळा व्हायचे आणि कोणी मोगल यावरून भांडणेही केली आहेत.

गडकोटांची इतकी वर्णने लिहिणाऱ्या या लेखकाला अपघातानंतर एकही गड स्वतःच्या पायांनी चढता आला नाही. 21 जून 1928 रोजी ते गेले. वय सेहेचाळीस.

सुतळीत बांधलेला तो ‘वीरधवल’ आम्ही बांधणीला दिला आहे. मध्ये एका संध्याकाळी मंडळाच्या खोलीत त्याची काही पाने मोठ्याने वाचून पाहिली. आठवीतल्या दोन मुली ऐकायला बसल्या होत्या. दोघी हिंदी माध्यमाच्या, घरी मराठी बोलतात पण वाचत नाहीत. लिपी तीच, तेव्हा अक्षरांची अडचण नव्हती. ‘पाल्हाळ’ आणि ‘भुयार’ विचारावे लागले. वीज गेली तेव्हा आम्ही थांबलो. त्यांतली एक मोबाईलचा दिवा लावून प्रकरण संपेपर्यंत स्वतः वाचत राहिली, अडखळत. नंतर तिने पहिली सोळा पाने कुठे मिळतील असे विचारले.

कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, गावाकडच्या घरी ‘वीरधवल’ची जुनी प्रत असेल तर आठ दिवस झेरॉक्ससाठी द्यावी. शेवटाची पानेही हवी आहेत. अनंत चतुर्दशीपर्यंत रोज आरतीनंतर आम्ही मंडपातच असतो.