बर्फाच्या देशातील शांत ज्योत : डॉ. आनंदीबाई जोशी



मार्गशीर्ष-पौषातील थंडी गोदावरीच्या खोऱ्यातील आपल्या निर्मल परिसरात चांगलीच जाणवते. पहाटेच्या आरतीस येणारे भाविक शाल-कांबळे पांघरून येतात. याच दिवसांत आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेसारख्या दूरदेशी बर्फात दिवस काढीत असतात आणि त्यांच्या काळजीने आई-वडिलांचा जीव इकडे कासावीस होतो. अशा वेळी, त्याच वाटेने सर्वांत आधी गेलेल्या एका मराठी कन्येचे चरित्र आठवणे उचित ठरेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता आणि तो कधी कधी कठोरपणाची सीमा ओलांडीत असे. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. परंतु ते बाळ अवघे दहा दिवसच जगले. त्या काळी स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळणे अत्यंत दुर्मीळ होते. परपुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोच आणि स्त्री-डॉक्टर तर जवळजवळ नाहीतच, अशी स्थिती होती. या दुःखातूनच आपण स्वतः वैद्यक शिकावे, हा निश्चय त्या बालमातेच्या मनात रुजला.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन धर्मप्रसारकाशी पत्रव्यवहार केला होता. तो तेथील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे गेल्या असता तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले आणि सातासमुद्रापलीकडील एक स्नेहबंध जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

समुद्र ओलांडून जाण्यास समाजाचा तीव्र विरोध होता. त्याला उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. स्त्री-डॉक्टरांची देशाला असलेली गरज त्यांनी मांडली आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. अंगावरचे दागिने विकून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. उन्हाळ्याचे दिवस रोझेलला कार्पेंटर कुटुंबाच्या मायेत सुखाने गेले.

फिलाडेल्फियाचा हिवाळा

खरी परीक्षा पुढे होती. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. परंतु हिवाळा सुरू झाला आणि कोकणपट्टीच्या उबदार हवेत वाढलेल्या अठरा वर्षांच्या या मुलीचे शरीर त्या थंडीपुढे खचू लागले. खोलीतील भिंतीतल्या शेकोटीत विस्तव पेटवावा तर खोलीभर धूर, न पेटवावा तर हाडे गोठविणारा गारठा, अशी स्थिती होती. आहार शाकाहारी, तोही स्वतः रांधायचा. वर अभ्यासाचा भार. बाहेर बर्फ आणि आत एकटेपण.

तरीही त्यांनी आपला नेम सोडला नाही. नऊवारी साडीने त्या थंडीत पाय पुरते झाकले जात नसत, म्हणून त्यांनी गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. परंतु साडी सोडली नाही. देशकालानुसार काय बदलावे आणि काय जपावे, याचा त्यांचा विवेक येथे दिसून येतो.

त्यांची कृतज्ञताही याच विवेकाची होती. ज्यांनी घर दिले, शिकविले, आजारात सांभाळले, ते सारे ख्रिस्ती धर्माचे. त्यांचे उपकार आनंदीबाईंनी मोकळ्या मनाने मानले, त्यांच्यावर कन्येप्रमाणे प्रेम केले. मात्र धर्मांतराचा आग्रह जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा कटुता न आणता त्या आपल्या ठायी स्थिर राहिल्या. उपकार स्मरावेत, पण त्यांच्या ओझ्याखाली स्वत्व गहाण टाकू नये, हे वर्तन मोठमोठ्या ज्ञानी पुरुषांनाही अवघड जाते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. गोपाळराव तोपर्यंत अमेरिकेस आले होते. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या आणि व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदन आले. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली.

परंतु त्या हिवाळ्यांनी आपली किंमत वसूल केली होती. क्षयाने शरीर पोखरले गेले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण कोल्हापूरचे काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत, जेथे दरवर्षी बर्फ पडते, तेथे ती विसावली आहे. पुढे काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. शुक्र ग्रहावरील एका विवरासही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. स्थिरता म्हणजे शरीराचे हाल मुकाट्याने सोसणे नव्हे. आपली मुले परदेशी असतील तर त्यांना ऊबदार वस्त्रे, पोटभर आहार आणि वेळीच औषधोपचार यांची आठवण अवश्य द्यावी. आनंदीबाईंना हे पुरेसे लाभले असते तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. आणि दुसरी गोष्ट अशी, की परक्या भूमीत ज्यांनी आपल्या लेकरांना आधार दिला, त्या अनोळखी माणसांसाठीही आपण देवापुढे हात जोडावेत.

निर्मलहून जवळच बासर क्षेत्री आपण मुलांच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेतो. ते अक्षर पुढे किती दूरवर नेते आणि त्यासाठी कोणी काय मोल दिले आहे, याचे स्मरण या थंडीच्या दिवसांत राहावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, विश्वस्त मंडळ, निर्मल