डेव्हिड मार: मशीनला पाहायला शिकवण्याआधी ‘पाहणं म्हणजे काय?’ असं विचारणारा माणूस

फोनमध्ये पोर्ट्रेट मोड लावला की चेहरा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. आपल्याला त्याचं आता काहीच वाटत नाही. पण जरा विचार करा. फोटो म्हणजे शेवटी आकड्यांचा एक सपाट तक्ता. प्रत्येक चौकोनात किती उजेड आणि कोणता रंग, एवढंच त्यात असतं. हा कान, ती भिंत, दोघांमध्ये चार फुटांचं अंतर, असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. मग फोनला ते कळतं कसं?

या प्रश्नाच्या मागे मागे गेलात की एका माणसापाशी पोहोचता. त्याचं नाव डेव्हिड मार. तो फक्त ३५ वर्षं जगला. त्याचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आलं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, आणि कॉलेजात हे नाव मला एका फॉर्म्युल्याला चिकटलेलं भेटलं होतं. त्यामागच्या माणसाची गोष्ट मात्र कुठल्याच युनिटमध्ये नव्हती. म्हणून आज ती. (आडनाव ‘मार’ असल्याने मराठी वाक्यात भलताच गोंधळ होतो, तेव्हा मी त्याला सरळ डेव्हिड म्हणतो.)

गणितातून मेंदूकडे

डेव्हिडचा जन्म १९ जानेवारी १९४५ चा, इंग्लंडमधल्या वुडफर्डचा. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने गणित घेतलं. पुढे पीएचडी करताना मात्र त्याने विषय निवडला मेंदूचा. जाइल्स ब्रिंडली हे त्याचे मार्गदर्शक होते.

त्या काळात मेंदूच्या पेशींची रचना बऱ्यापैकी माहीत होती. कोणता धागा कुठे जातो, कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, याचे नकाशे तयार होते. पण हे सगळं वायरिंग कशासाठी आहे, याचं उत्तर नकाशात नव्हतं. डेव्हिडने तोच प्रश्न पकडला.

१९६९ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याने लहान मेंदूबद्दलचा सिद्धांत छापला. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेला भाग. हालचाली सफाईदार होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तिथल्या पर्किंजे नावाच्या प्रत्येक मोठ्या पेशीला एकीकडून हजारो बारीक धागे येऊन मिळतात आणि दुसरीकडून एकच जाड, ताकदवान धागा. डेव्हिड म्हणाला, हे शिकण्याचं यंत्र आहे. बारीक धागे परिस्थिती सांगतात, जाड धागा शिक्षकासारखा इशारा देतो, आणि दोन्ही एकत्र आले की जोडण्यांची ताकद बदलते. सायकल शिकताना पहिल्या दिवशी धडपडणारे आपण महिन्याभराने हात सोडून चालवतो, ते असंच काहीतरी घडत असल्यामुळे.

तपशिलात तो पूर्ण बरोबर नव्हता. जोडण्या मजबूत होतात असं त्याने धरलं होतं. १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी उलट मांडलं, की त्या कमकुवत होत असाव्यात. १९८० च्या दशकात मासाओ इतो यांच्या प्रयोगांत तसंच दिसलं. पण जोडण्या बदलतात आणि तेच शिकणं असतं, ही मूळ कल्पना टिकली.

लहान मेंदूनंतर १९७० आणि १९७१ मध्ये मेंदूच्या आणखी दोन भागांवर त्याचे मोठे लेख आले. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाने तीन वर्षांत तीन सिद्धांत मांडले होते. बहुतेकांनी उरलेलं आयुष्य त्यावरच काढलं असतं.

एका उन्हाळ्याचं काम

डेव्हिडने तसं केलं नाही. १९७३ मध्ये तो अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये गेला. गेला होता थोड्या काळासाठी, पण तिथेच राहिला.

कॉम्प्युटर व्हिजन तेव्हा अगदी कोवळं होतं. १९६३ मध्ये एमआयटीतच लॅरी रॉबर्ट्स यांनी पीएचडीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. ठोकळ्यांचा फोटो दिला की तो त्यांचा त्रिमितीय आकार शोधायचा. (हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटचे एक प्रमुख शिल्पकार झाले.) मग १९६६ मध्ये सीमोर पॅपर्ट यांनी एक टिपण काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करणाऱ्यांना हाताशी धरून पाहणाऱ्या यंत्रणेचा बराचसा भाग बांधून टाकायचा, अशी ती योजना होती. तो उन्हाळा संपून साठ वर्षं होत आली, काम अजून चालू आहे.

अडचण कुठे होती? पाहणं आपल्याला फुकट मिळतं, म्हणून ते सोपं वाटतं. खऱ्या खोलीचा फोटो दिला की प्रोग्राम अडखळायचे. मग कोणी म्हणायचं, आधी ती वस्तू काय आहे ते मशीनला सांगा, टेबलावर फोन असतो हे शिकवा, म्हणजे त्याला फोन दिसेल.

डेव्हिडला हे पटत नव्हतं. १९७३ मध्ये त्याने एलिझाबेथ वॉरिंग्टन यांचं व्याख्यान ऐकलं. त्या मेंदूला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास करत. काही रुग्णांना वस्तूचं नाव आठवत नव्हतं, ती कशासाठी वापरतात तेही सांगता येत नव्हतं. पण तिचा आकार त्यांना नीट कळत होता. उलट काहींना बादली बाजूने दाखवली की ओळखता यायची, पण तीच बादली थेट वरून दाखवली की ते ती बादली मानायला तयार नसत. यातून डेव्हिडने निष्कर्ष काढला, की वस्तू काय आहे हे कळणं आणि तिचा आकार कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणजे वस्तू न ओळखताही नुसत्या डोळ्यांतून आकार काढता येतो.

दोन डोळ्यांचं गणित

आता एक करून बघा. एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट उड्या मारतं. हात लांब केला की उडी लहान होते. हेच सूत्र आहे. दोन डोळ्यांतल्या चित्रांमधला सरकाव जितका जास्त, तितकी वस्तू जवळ. सरकाव निम्मा झाला तर अंतर दुप्पट.

गणित सोपं आहे, पण खरी गोची आधी येते. डाव्या चित्रातला हा ठिपका उजव्या चित्रातला नेमका कोणता, हे ठरवायचं कसं? बेला युलेश यांनी १९६० च्या सुमारास नुसत्या विस्कटलेल्या ठिपक्यांच्या चित्रजोड्या बनवल्या होत्या. एका डोळ्याने पाहिलं तर त्यात काहीच दिसत नाही, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की चौकोन हवेत तरंगतो. ओळखण्यासारखं काहीच नसताना मेंदू जोड्या लावतो.

१९७६ मध्ये डेव्हिड आणि तोमासो पोज्जो यांनी यावर उत्तर मांडलं. त्यांनी जगाबद्दलच्या दोन साध्या गोष्टी धरल्या. पहिली, एक ठिपका एका वेळी एकाच ठिकाणी असतो, म्हणून त्याला जोडीदार एकच. दुसरी, वस्तूंचे पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी सलग असतात, म्हणून शेजारच्या ठिपक्यांचं अंतर सहसा सारखंच. या दोन अटी त्यांनी एका जाळ्यात बसवल्या. शेजारी एकमेकांना पाठिंबा देतात, एकाच जागेवर हक्क सांगणारे एकमेकांना दाबतात. थोड्या फेऱ्यांत खोट्या जोड्या गळून पडतात आणि चौकोन वर येतो.

अशा कामांतून त्याचा पूर्ण आराखडा उभा राहिला. आधी चित्रातल्या कडा शोधायच्या. मग प्रत्येक पृष्ठभाग किती लांब आहे आणि कोणत्या बाजूला कललेला आहे, हे पाहणाऱ्याच्या जागेवरून काढायचं. याला त्याने ‘अडीच-डी’ म्हटलं, कारण वस्तूची मागची बाजू अजून माहीत नसते. शेवटी पूर्ण त्रिमितीय आकार. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन चेहरा कुठे आहे आणि मागचं किती लांब आहे याचा जो नकाशा बनवतो, तो या मधल्या पायरीचा नातेवाईकच.

त्याचा विद्यार्थी शिमोन उल्मन याने पीएचडीत दाखवलं, की हलणाऱ्या घट्ट वस्तूवरचे चार बिंदू तीन वेगवेगळ्या बाजूंनी दिसले, की ठरावीक अटींमध्ये त्यांची त्रिमितीय रचना काढता येते. फोन फिरवत खोली मोजणारी ॲप्स याच प्रश्नाच्या पुढच्या पिढीतली आहेत.

डिसेंबर १९७७

मग रक्ताचा कर्करोग निघाला. डेव्हिड ३२ वर्षांचा होता.

त्याने पुस्तक लिहायला घेतलं. खरं तर असं पुस्तक अजून काही वर्षांनी लिहायचं असतं, सगळे तुकडे जुळल्यावर. त्याच्याकडे ती वर्षं नव्हती. उपचार चालू होते आणि कामही. १९८० मध्ये एलेन हिल्ड्रेथबरोबरचा कडा शोधण्यावरचा लेख आला. कॉलेजात भेटलेला माझा फॉर्म्युला तोच. त्याच वर्षी एमआयटीत तो प्राध्यापक झाला. आणि १७ नोव्हेंबर १९८० ला तो गेला. मागे पत्नी लुसिया वैना होती, त्या स्वतः शास्त्रज्ञ. ‘व्हिजन’ हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं.

आज त्याचं काय उरलं?

खरं सांगायचं तर त्याचे अनेक अल्गोरिदम मागे पडले. कडा शोधायला लोक जॉन कॅनीची १९८६ ची पद्धत वापरू लागले. २०१२ नंतर डीप लर्निंग आलं आणि पायऱ्या हाताने आखायची गरजच कमी झाली. मॉडेल लाखो फोटो पाहून स्वतः शिकतं.

उरली ती त्याची विचार करायची रीत. कोणतीही यंत्रणा तीन पातळ्यांवर समजून घ्या, असं तो सांगायचा. एक, ती काय काढते आणि का. दोन, कोणत्या पद्धतीने. तीन, कशावर चालते. पक्षी कसा उडतो हे नुसती पिसं तपासून कळणार नाही, आधी हवेचे नियम समजले पाहिजेत, हे त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे.

आमच्या क्षेत्रात आज चर्चा सुरू होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर. कोणतं मॉडेल, कोणता जीपीयू? पहिला प्रश्न, म्हणजे हे नेमकं काय काढायला हवंय आणि का, बऱ्याचदा कोणी विचारतच नाही. मॉडेलने रस्त्यावरची सावली खड्डा समजली, तर मॉडेल बदलून पाहता येतं. पण खड्डा आणि सावली यांत चित्रामध्ये फरक कोणता असायला हवा, हे आधी स्वतःला सांगता आलं नाही, तर आपण नुसती पिसं मोजतोय.

कॉम्प्युटर व्हिजनच्या आयसीसीव्ही या मोठ्या परिषदेत सर्वोत्तम शोधनिबंधाला मिळणारा पुरस्कार त्याच्या नावाने आहे, मार प्राइझ. तो जिंकणारे बरेच निबंध डेव्हिडने कल्पनाही केली नसेल अशा पद्धतींचे असतात. मला वाटतं, त्याला त्याचं वाईट वाटलं नसतं. तुमच्यापैकी कोणी एआय शिकत असेल, तर पुढचं मॉडेल चालवायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा: हे काय काढतंय आणि का? ती ओळ लिहिता आली नाही, तर काम तिथूनच सुरू होतं.