एकच केप, चार सिनेमे

कॉलेजच्या कट्ट्यावर सुपरहिरोंचा विषय निघाला की दोन तट पडतातच. मार्व्हल की डीसी, ‘द डार्क नाइट’ भारी की ‘एंडगेम’, अमकी सीरिज रात्रभर जागून बघण्यासारखी की पहिल्या एपिसोडलाच बंद करण्यासारखी. या सगळ्या भांडणात एक प्रश्न मात्र तसाच राहतो. हिरो तोच, पोशाख तोच, कधी कधी तर अ‍ॅक्टरही तोच. मग एक सिनेमा अंगावर काटा आणतो आणि पुढचा जांभया, असं का? याचं उत्तर शोधायचं असेल तर ख्रिस्तोफर रीव्हच्या आयुष्याकडे बघायला हवं. त्याने दहा वर्षांत चार वेळा सुपरमॅनची लाल केप पाठीवर घेतली. सुपरहिरो सिनेमाचं टोकही त्याने पाहिलं आणि तळही.

रीव्हचा जन्म २५ सप्टेंबर १९५२चा, न्यूयॉर्कमधला. गंमत म्हणजे त्याच्या बरोबर सहा दिवस आधी अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ ही टीव्ही मालिका सुरू झाली होती. तिच्यातल्या सुपरमॅनचं नाव होतं जॉर्ज रीव्ह्ज. आडनावं जवळपास सारखी, नातं मात्र काहीच नाही. ही मालिका सुरुवातीला चांगली कडक गुन्हेगारी कथांची होती. पुढे ती हलकीफुलकी, लहान मुलांपुरती होत गेली. उडण्याचे तेच ते शॉट पुन्हा पुन्हा वापरले जायचे आणि सुपरमॅनचे स्नायू पोशाखाच्या आत भरलेल्या पॅडिंगचे असायचे. म्हणजे हा चढ-उतार टीव्हीवर तेव्हापासूनच चालत आलाय.

ख्रिस्तोफरचे वडील कवी आणि रशियन साहित्याचे अभ्यासक, आई पत्रकार. तो अगदी लहान असतानाच दोघं वेगळे झाले. दोन घरांमध्ये वाटल्या गेलेल्या या मुलाला स्वतःची हक्काची जागा सापडली ती नाटकात. पंधराव्या वर्षी तो विल्यम्सटाउनच्या नाट्यमहोत्सवात उमेदवारी करत होता. नंतर कॉर्नेल युनिव्हर्सिटी आणि तिथून १९७३ मध्ये न्यूयॉर्कची नामांकित ज्युलियार्ड ही संस्था. तिथल्या वरच्या वर्गात त्या वर्षी फक्त दोघांना थेट प्रवेश मिळाला. एक रीव्ह आणि दुसरा रॉबिन विल्यम्स. एक उंच, शांत, शिस्तीचा. दुसरा एक मिनिट गप्प न बसणारा. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

त्यानंतर एका डेली सोपमध्ये भूमिका, ब्रॉडवेवर कॅथरिन हेपबर्नबरोबर एक नाटक, असं बरं चाललं होतं. तेवढ्यात सुपरमॅन आला.

फोटो वर ठेवणारी माणसं

निर्माते साल्काइंड पितापुत्रांना सुपरमॅनसाठी मोठा स्टार हवा होता. रॉबर्ट रेडफर्ड, पॉल न्यूमन यांना विचारून झालं होतं. कास्टिंग डिरेक्टर लिन स्टालमास्टर मात्र फोटोंच्या गठ्ठ्यात रीव्हचा फोटो पुन्हा पुन्हा वर आणून ठेवत राहिला. शेवटी चोवीस वर्षांच्या या पोराची लंडनमध्ये स्क्रीन टेस्ट झाली आणि त्याला भूमिका मिळाली. रीव्ह एक किस्सा नेहमी सांगायचा. बातमी ऐकून वडिलांनी खुशीत शॅम्पेन मागवली, कारण मुलाला बर्नार्ड शॉच्या ‘मॅन अँड सुपरमॅन’ नाटकात काम मिळालंय, असा त्यांचा समज झाला होता. कॉमिक्सचा सुपरमॅन आहे म्हटल्यावर त्यांचा उत्साह बराच ओसरला.

वडिलांचंही चुकत नव्हतं. तेव्हा सुपरहिरो म्हणजे पोरखेळ. लोकांच्या डोळ्यांसमोर १९६६ची ‘बॅटमॅन’ मालिका होती, रंगीबेरंगी आणि मुद्दाम विनोदी केलेली. सुपरमॅनची पहिली स्क्रिप्टही त्याच वळणाची होती. डिरेक्टर रिचर्ड डॉनरने ती हातात आल्यावर टॉम मॅन्किविझला बोलावून बदलून घेतली. डॉनरचा हट्ट एकच होता, हे सगळं खरं वाटलं पाहिजे. सुपरमॅनला हसायचं नाही, सुपरमॅनवर विश्वास ठेवायचा.

रीव्हने तो हट्ट अंगावर घेतला, अगदी शब्दशः. तो काडीपैलवान होता. निर्मात्यांनी जॉर्ज रीव्ह्जसारखंच पॅडिंग सुचवलं. याने नकार दिला आणि ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या पोशाखात वावरलेल्या डेव्हिड प्राऊजच्या हाताखाली व्यायाम सुरू केला. काही महिन्यांत दहा-पंधरा किलो वजन वाढवलं. तो स्वतः विमान चालवायचा, ग्लायडर उडवायचा. त्यामुळे तारांवर लटकून शूटिंग करतानाही वळताना शरीर कसं कलतं, हे त्याला ठाऊक होतं.

पण त्याचं खरं काम जमिनीवर होतं. लोइसच्या घरातला तो सीन आठवा. ती आतल्या खोलीत गेलीय. बाहेर बावळट क्लार्क केंट उभा आहे. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे रुंद होतात, आवाज खाली उतरतो. बघता बघता तोच माणूस सुपरमॅन होतो. मग सत्य सांगायचा धीर होत नाही. चष्मा पुन्हा चढतो, खांदे पडतात, क्लार्क परत येतो. ना ग्राफिक्स, ना तारा. चष्मा घातला की कुणी ओळखत कसं नाही, या जुन्या टिंगलीला त्याने काही सेकंदांत उत्तर दिलं.

डिसेंबर १९७८ मध्ये ‘सुपरमॅन’ आला आणि जगभर धो धो चालला. मानधनाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. सुपरमॅनच्या वडिलांच्या छोट्याशा भूमिकेसाठी मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा. सुपरमॅनला दोन्ही सिनेमांचे मिळून अडीच लाख.

उतार सुरू

दोन्ही सिनेमे, कारण पहिल्या दोन भागांचं शूटिंग एकत्रच चाललं होतं. दुसरा बराचसा शूट झालेला असताना निर्माते आणि डॉनर यांचं फिसकटलं. डॉनरला काढलं, रिचर्ड लेस्टरला आणलं. ब्रँडोचे सीन कापले गेले. जीन हॅकमन नव्या शूटिंगला आलाच नाही, मग काही ठिकाणी डमी वापरून भागवलं. तरीही १९८०चा ‘सुपरमॅन २’ चांगला निघाला, पण बारकाईने बघितलं तर एकाच सिनेमात दोन सिनेमे दिसतात, एक गंभीर आणि एक गमतीचा.

१९८३च्या तिसऱ्या भागात गंमतच जिंकली. विनोदवीर रिचर्ड प्रायरला घेतलं आणि गोष्ट त्याच्याभोवती फिरायला लागली. त्यातही एक भाग आज बघावासा वाटतो. भंगारखान्यात बिघडलेला सुपरमॅन आणि साधा क्लार्क एकमेकांशी मारामारी करतात. दोन्ही बाजूंनी अर्थातच रीव्ह.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण कॅनन फिल्म्स या कंपनीने चौथ्या भागासाठी त्याला दोन आमिषं दाखवली. एक, त्याच्या आवडीचा ‘स्ट्रीट स्मार्ट’ हा सिनेमा कंपनी काढेल. दोन, सुपरमॅनची गोष्ट ठरवण्यात त्याचा हात असेल. रीव्हला शीतयुद्धाच्या काळात अण्वस्त्रांविरुद्ध काही सांगायचं होतं. हेतू चांगला होता. पण कॅनन पैशाच्या अडचणीत होती आणि ठरलेलं बजेट जवळपास अर्ध्यावर आणून ठेवलं गेलं. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाचा सीन इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या रेल्वे स्टेशनबाहेर उरकला. उडण्याचा तोच शॉट पुन्हा पुन्हा वापरला. पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीने केलेली काटकसर आता मोठ्या पडद्यावर आली होती. १९८७ मध्ये ‘सुपरमॅन ४’ आला आणि सपशेल आपटला.

त्याच वर्षी आपल्याकडे पुनीत इस्सारचा हिंदी ‘सुपरमॅन’ही आला. त्यात उडण्याचे काही शॉट थेट हॉलिवूडच्या सिनेमातून उचलले होते. आज त्याचे रील्स बघून आपण पोट धरून हसतो. पण तेव्हा खुद्द हॉलिवूडचा सुपरमॅनही फार वेगळं काही करत नव्हता, हे विसरायला नको.

चौथा भाग बघताना एक गोष्ट जाणवते. सेट कागदी, खलनायक हास्यास्पद, तारा दिसतायत, पण रीव्ह कुठेही टंगळमंगळ करत नाही. पहिल्या सिनेमात तो जितका मनापासून सुपरमॅन होता, तितकाच इथेही आहे. तरी सिनेमा वाचत नाही. एकट्या अ‍ॅक्टरच्या प्रामाणिकपणाने सिनेमा उभा राहत नाही. कॅमेऱ्यामागच्यांनाही गोष्ट खरी वाटावी लागते, हे चार भाग ओळीने बघितले की कळतं. रीव्हने पुढे आत्मचरित्रात हा सिनेमा म्हणजे करिअरला बसलेला मोठा फटका होता, हे मोकळेपणाने लिहिलं. त्याचा काही दोष त्याच्याकडेही जातोच. दुसऱ्या सिनेमाच्या बदल्यात त्याने हा स्वीकारला होता.

केप उतरल्यावर

सुपरमॅनच्या छापातून सुटायची त्याची धडपड सतत चालू होती. मुंबईत जन्मलेल्या इस्माइल मर्चंट यांच्या मर्चंट-आयव्हरी कंपनीने त्याला ‘द बॉस्टनियन्स’ आणि ‘द रिमेन्स ऑफ द डे’ असे दोन सिनेमे दिले. १९८७ मध्ये चिलीच्या लष्करी राजवटीत ७७ कलाकारांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा तो सरळ सँटियागोला गेला आणि त्यांच्यासोबत उभा राहिला. तिथे ना केप होती, ना स्टंट डबल.

२७ मे १९९५ रोजी व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे घोडेस्वारीच्या स्पर्धेत त्याचा घोडा तिसऱ्या अडथळ्याजवळ अचानक थांबला. रीव्ह डोक्यावर आपटला. मानेचे वरचे दोन मणके मोडले. मानेखालचं शरीर लुळं पडलं, श्वासही मशीनवर. वय अवघं ४२. सुरुवातीला त्याला जगायचंच नव्हतं. बायको डेनाने त्याला समजावलं की तू अजूनही तूच आहेस. पुढे त्याच्या आत्मचरित्राचं नावही त्याच अर्थाचं ठेवलं गेलं. हॉस्पिटलमध्ये एक विक्षिप्त रशियन डॉक्टर तपासायला आला, अपघातानंतर रीव्ह पहिल्यांदा हसला. तो डॉक्टर म्हणजे रॉबिन विल्यम्स होता.

पुढची नऊ वर्षं त्याने व्हीलचेअरवरून काम केलं. सिनेमा डिरेक्ट केला, टीव्हीसाठी ‘रिअर विंडो’त भूमिका करून अभिनयाचं बक्षीस मिळवलं. मणक्याच्या दुखापतींवर संशोधन व्हावं म्हणून संस्था उभी केली, सरकारदरबारी खेटे घातले. २००० मध्ये त्याने डाव्या हाताचं एक बोट हलवलं, त्याची बातमी झाली.

आणि २००३ मध्ये तो टीव्हीवर परतला. ‘स्मॉलव्हिल’ या मालिकेत तरुण क्लार्कला तो कुठल्या ग्रहावरून आलाय, हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाची भूमिका त्याच्याकडे होती. पार्श्वभूमीला १९७८च्या सिनेमाचं जॉन विल्यम्सचं संगीत. हलतो तो फक्त चेहरा. उडणं नाही, मारामारी नाही, दोन माणसं एका खोलीत बोलतायत. अनेक चाहत्यांसाठी मालिकेतला हा सगळ्यात लक्षात राहिलेला एपिसोड आहे.

१० ऑक्टोबर २००४ रोजी रीव्ह गेला, वय ५२. दोन वर्षांच्या आत डेनाही कॅन्सरने गेली. २००६ मध्ये डॉनरच्या मूळ कल्पनेप्रमाणे जुळवलेला ‘सुपरमॅन २’ प्रसिद्ध झाला, तो रीव्हला अर्पण केलेला आहे.

२०२३च्या ‘द फ्लॅश’मध्ये कॉम्प्युटरवर बनवलेला रीव्ह काही क्षण दिसतो. केप तीच, कपाळावरची बटही तीच, पण डोळ्यांत कुणी नाही. अनेक प्रेक्षकांना ते खटकलं. पुढच्या वेळी कट्ट्यावर वाद रंगला की हा शॉट आणि लोइसच्या घरातला तो चष्म्याचा सीन, दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा. मध्ये ४५ वर्षांचं तंत्रज्ञान आहे. आणि तरीही सुपरमॅन कुठल्या सीनमध्ये आहे, हे कुणाला विचारावं लागणार नाही.