हेल्मेट डोक्यावर आणणारा डॉक्टर

कवठे महांकाळहून मिरज-सांगलीला बाइकवरून कॉलेजला जाणारे तुमच्यात बरेच असतील. रत्नागिरी-नागपूर महामार्ग मोठा झालाय, काटा ऐंशीवर कधी जातो ते कळतही नाही. आणि हेल्मेट? ते आरशाला अडकवलेलं असतं, नाहीतर कोपरात. पुढे पोलीस दिसले की मग डोक्यावर. घरचे ओरडतात म्हणून किंवा दंड नको म्हणून आपण ते घालतो. पण बाइकवाल्याने हेल्मेट घालावं, हे आकडे मोजून पहिल्यांदा जगाला पटवायला कोण बसलं, माहितीये? त्याचं नाव सर ह्यू केर्न्स. मेंदूचा सर्जन.

केर्न्स यांचा जन्म १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावचा. बालपण रिव्हरटन नावाच्या आणखी छोट्या गावात गेलं. शिक्षणासाठी ते अॅडलेडला आले आणि तिथेच मेडिकलला गेले. मध्येच पहिलं महायुद्ध सुरू झालं. शिक्षण अर्धवट असतानाच ते साधा सैनिक म्हणून लेम्नॉस बेटावरच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये काम करून आले. १९१७ मध्ये डॉक्टर झाले आणि पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेले. युद्ध संपल्यावर ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळाली आणि स्वारी थेट ऑक्सफर्डला. तिथे नुसता अभ्यास नाही हं! १९२० च्या प्रसिद्ध बोट रेसमध्ये ते ऑक्सफर्डकडून वल्हवतही होते.

मेंदूची शस्त्रक्रिया तेव्हा नवीन होती. केर्न्स १९२६ मध्ये अमेरिकेत बोस्टनला गेले आणि हार्वे कुशिंग या त्या विषयातल्या सर्वात मोठ्या गुरूंच्या हाताखाली वर्षभर शिकले. परत येऊन लंडनमध्ये त्यांनी फक्त मेंदूच्या रुग्णांवर लक्ष दिलं.

आता येऊ १९३५ कडे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला खरा लॉरेन्स बाइकवेडा होता. ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली महागडी, वेगवान गाडी तो चालवायचा. हाच लॉरेन्स १९२७-२८ मध्ये नाव बदलून, साधा एअरमन म्हणून तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत राहून गेला होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरची दोन मुलं अचानक समोर आली. त्यांना वाचवताना लॉरेन्सची गाडी घसरली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ३८ वर्षांचे केर्न्सही होते. सहा दिवस लॉरेन्स बेशुद्धच राहिला आणि १९ मे रोजी गेला. वय फक्त ४६.

हेल्मेट तेव्हा नव्हतंच असं नाही. आइल ऑफ मॅनच्या बाइक शर्यतीत ते १९१४ मध्येच आलं होतं. पण ते शर्यतवाल्यांचं, रोजच्या रस्त्यावर कोण घालतंय, असाच सगळ्यांचा समज होता.

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डला सर्जरीचे पहिले नफिल्ड प्राध्यापक झाले. गंमत बघा, या पदासाठी पैसा दिला होता मॉरिस मोटर्सच्या मालकाने, लॉर्ड नफिल्डने. आपली जुनी अॅम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तीच ही कंपनी. मोटार विकून आलेल्या पैशावर उभा राहिलेला प्राध्यापक पुढे रस्त्यावरचे मृत्यू मोजायला बसला.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजमध्ये डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी खास हॉस्पिटल उघडलं. केर्न्सना तिथे एक विचित्र गोष्ट जाणवली. शत्रूशी लढताना नाही, तर निरोप पोहोचवताना मायदेशातल्याच रस्त्यांवर बाइकवरून पडून जवान येत होते. १९४१ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोबच मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ बाइकस्वार आणि मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून पडलेले रुग्ण त्यांच्याकडे होते फक्त सात. सातही जण वाचले होते.

आता तुम्ही म्हणाल, सातवरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. केर्न्स ते सात दाखवून थांबले नाहीत, पुढची पाच वर्षं मोजत राहिले. तोवर लष्कराने नोव्हेंबर १९४१ मध्ये ड्यूटीवरच्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं होतं. ऑक्सफर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनाही केर्न्सनी सोबत घेतलं. होलबोर्ननी जिलेटिनचा मेंदू बनवून, तो झटक्याने फिरवला की आत काय होतं ते दाखवलं. १९४६ मध्ये केर्न्सनी पुन्हा आलेख मांडला. सक्तीनंतर बाइकस्वारांचे मृत्यू उतरत गेले होते. युद्धात पेट्रोल कमी, गाड्याही कमी, त्यामुळे सगळं श्रेय हेल्मेटला देता येत नाही. पण दिशा स्पष्ट होती.

आणि इथेच या गोष्टीतली खरी बोच आहे. १९५२ मध्ये, ५६ व्या वर्षी, केर्न्स कॅन्सरने गेले. ब्रिटनमध्ये सगळ्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं १९७३ मध्ये. म्हणजे पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी! पुरावा टेबलावर होता, तरी तेवढी वर्षं लोक मोकळ्या डोक्याने पडत राहिले.

दरम्यान प्रश्न बदलला. हेल्मेट घालायचं का, याबरोबर कुठलं हेल्मेट, हेही विचारलं जाऊ लागलं. त्यांच्या काळात रबराचं आणि लगद्याचं अशी दोन प्रकारची हेल्मेटं होती. आज बाहेर कडक कवच असतं आणि आत थर्माकोलसारखा थर. आदळल्यावर तो थर चेपतो आणि धक्का स्वतः खातो. पण थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, थर कडक होतो. उन्हात तोच मऊ पडतो. म्हणून प्रयोगशाळेत आधी हेल्मेटला ‘हवामान’ दाखवतात. त्यासाठी डीप फ्रीजरसारखी एक शीतपेटी असते. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २२ क्रमांकाच्या नियमात हेल्मेट उणे २० अंशांत किमान चार तास ठेवायचं असतं. आइस्क्रीमच्या दुकानातला फ्रीजर साधारण तेवढाच थंड. मग ते गरम व्हायच्या आत बाहेर काढून, आत धातूचं डोकं बसवून, सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर आपटतात. धातूच्या डोक्यातला सेन्सर सांगतो, आतल्या मेंदूला किती झटका बसला असता. दुसरं हेल्मेट ५० अंशांत तापवून आपटतात.

कवठे महांकाळला उणे २० कुठून येणार? नाही येणार. पण तुमच्यातलाच एखादा ग्रुप बाइक घेऊन लडाखला निघतोच ना! आणि ५० अंशांची परीक्षा तर थेट आपली आहे. एप्रिलमध्ये कॉलेजच्या पार्किंगला दिवसभर उन्हात लटकलेलं हेल्मेट हात लावून बघा.

भारतात दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आयएस ४१५१ आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला टोपीसारखी स्वस्त हेल्मेटं मिळतातच. ती ना फ्रीजरमध्ये गेलीत, ना ऐरणीवर. त्यांची पहिली टेस्ट तुमच्या डोक्यावर होणार. हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, हा कायदा आहेच. पण केर्न्सनी दंड मोजला नव्हता, माणसं मोजली होती.

तेव्हा उद्या निघताना एवढंच करा. हेल्मेट उलटं करून मार्क बघा, आतला थर चेपलेला किंवा तडकलेला नाही ना ते बघा. आणि पट्टा लावा. क्लिक आवाज आला पाहिजे. मागे मैत्रीण किंवा मित्र बसणार असेल तर दुसरं हेल्मेटही घ्या, कारण त्या २,२७९ मध्ये मागे बसलेलेही होते.