डॉ. होमी भाभा : मेसॉनला नाव देणारा शास्त्रज्ञ



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच वाद सुरू होतो. मुलाला एक हवं असतं, वडिलांना दुसरं. असाच वाद डॉ. होमी भाभांच्या घरातही झाला होता.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. इंजिनिअर होऊन त्यांनी जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात यावं, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचा जीव मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात अडकलेला. वडिलांनी रागावून नकार दिला नाही, एक अट घातली : इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग गणिताचाही खर्च मी करतो. १९३० मध्ये होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनीही शब्द पाळला.

पुढे त्यांनी अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा अभ्यास केला. त्यात इलेक्ट्रॉनपेक्षा जड पण प्रोटॉनपेक्षा हलका असा कण सापडला होता. त्याला मेसॉट्रॉन म्हणत. मूळ ग्रीक शब्द मेसॉस, म्हणजे मधला. त्यात 'ट्र' नाहीच, म्हणून भाभांनी १९३९ मध्ये 'मेसॉन' हे नाव सुचवलं. असा कण क्षणात नष्ट होतो. पण अतिवेगाने धावताना आपल्या घड्याळाप्रमाणे तो जास्त काळ टिकेल, हेही त्यांनी सांगितलं. वैश्विक किरणांतला तो कण म्युऑन होता हे नंतर कळलं. मेसॉन हे नाव दुसऱ्या कणांना राहिलं. अणुकेंद्रकाच्या दाटीत या मेसॉनचे गुणधर्म कसे बदलतात, हे शास्त्रज्ञ आजही तपासतात.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. परत जाता येईना. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचं निधन झालं.

आपल्या खडकीच्या शेजारी, विद्यापीठाच्या आवारातलं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र याच संस्थेचा भाग आहे. तिथून जाताना मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. आणि पालकहो, मुलाला अट जरूर घाला, पण त्याने ती पूर्ण केली की तुमचा शब्दही पाळा.