उदयशंकर

नर्तक उदयशंकर यांचा जन्म १९०० साली उदयपूर येथे झाला. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून पुढील अभ्यासासाठी ते लंडनला गेले. तेथे रशियन नर्तकी ॲना पावलोवा यांनी त्यांचे नृत्यगुण हेरले. १९२३ साली त्यांनी बसविलेल्या नृत्यात पावलोवा राधा झाल्या व ते स्वतः कृष्ण झाले. चित्रकार होण्यास निघालेला तरुण नर्तक झाला.

पुढे युरोपात त्यांची कीर्ती पसरली. परंतु कोणत्याही गुरूजवळ त्यांनी नृत्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मिळालेल्या कीर्तीवर ते संतुष्ट राहिले नाहीत. मायदेशी येऊन कथकळीचे आचार्य शंकरन नंबूद्री यांच्यापुढे ते शिष्य म्हणून नम्रपणे उभे राहिले.

१९३८ च्या सुमारास त्यांनी हिमालयातील अलमोडा येथे कलाकेंद्र स्थापिले. तेथे नंबूद्री कथकळी शिकवीत, कंदप्पा पिळ्ळै भरतनाट्य, अमोबी सिंह मणिपुरी, तर अल्लाउद्दीन खाँ संगीत. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नावारूपास आलेले गुरुदत्त तेथलेच विद्यार्थी. द्रव्याअभावी ते केंद्र काही वर्षांतच बंद पडले. पण तेथे पेरलेली विद्या शिष्यांबरोबर देशभर गेली.

१९७७ साली उदयशंकर निवर्तले. जगाची वाहवा मिळाल्यावरही त्यांनी शिकणे सोडले नाही, यातच त्यांचे खरे मोठेपण आहे.