आल्फ्रेड रसेल वॉलेस : रंगांचा अर्थ शोधणारे सृष्टिशास्त्रज्ञ

ज्यांचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षाच्या सुमारास द्रव्याभावी आटोपले आणि ज्यांस महाविद्यालयात शिकण्याचे भाग्य लाभले नाही, अशा एका पुरुषाने थोर सृष्टिशास्त्रज्ञांच्या पंक्तीत मानाचे स्थान मिळविले. ते आल्फ्रेड रसेल वॉलेस होत. प्राण्यांच्या अंगावर रंग कशासाठी असतात, ह्या प्रश्नाचा त्यांनी कित्येक वर्षे पाठपुरावा केला. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस बोधप्रद होईल, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

वॉलेस ह्यांचा जन्म 8 जानेवारी 1823 रोजी वेल्स प्रांतात अस्क गावाजवळ झाला. वडिलांची सांपत्तिक स्थिती खालावल्यामुळे त्यांस शाळा सोडून वडीलबंधूंच्या हाताखाली जमीनमोजणीचे काम करावे लागले. रानोमाळ हिंडताना त्यांस वनस्पतींची गोडी लागली. पुढे लेस्टर येथे शिक्षक असताना हेन्री बेट्स ह्या कीटकप्रेमी तरुणाशी त्यांचा स्नेह जडला आणि 1848 साली दोघेही ॲमेझॉन नदीच्या अरण्यात गेले. चार वर्षांनी परत येताना वॉलेस ह्यांच्या जहाजास भर समुद्रात आग लागली. जिवापाड जपलेला संग्रह जळून गेला व दहा दिवस उघड्या होडीत काढावे लागले. दुसरा कोणी असता तर हाय खाऊन बसला असता. परंतु हा धीरोदात्त पुरुष 1854 साली मलाया द्वीपसमूहात गेला. तेथे आठ वर्षांत त्यांनी सव्वा लाखांहून अधिक नमुने जमविले. तेथूनच 1858 साली त्यांनी डार्विन ह्यांस पाठविलेल्या निबंधामुळे नैसर्गिक निवडीचे तत्त्व दोघांच्याही नावे लंडन येथे मांडले गेले.

आता रंगांकडे वळू. मादी सुंदर नराची निवड करते, म्हणून पक्ष्यांच्या नरांस भडक रंग प्राप्त झाले, असे डार्विन मानीत. परंतु कित्येक सुरवंटही भडक रंगाचे असतात. सुरवंट ही तर बाल्यावस्था. तेथे नर-मादीची निवड कोठून असणार? डार्विन ह्यांनी हे कोडे बेट्स ह्यांस घातले आणि बेट्स ह्यांनी वॉलेस ह्यांचे नाव सुचविले. 1867 साली वॉलेस ह्यांनी जे उत्तर दिले ते मोठे मार्मिक आहे. सुरवंटाची कातडी इतकी नाजूक असते की, पक्ष्याने नुसती चोच मारली तरी तो मरतो. मग तो बेचव वा विषारी असून काय उपयोग? चोच लागण्यापूर्वीच शत्रूस ते कळले पाहिजे. भडक रंग ही ती सूचना होय.

ह्याचे उदाहरण आमच्या दौंड परिसरातही सापडते. माळावरील रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे व पिवळ्या ठिपक्यांचे सुरवंट दिसतात. रुईच्या विषारी चिकातील द्रव्य त्यांच्या अंगी साठते आणि त्यांतून निघणारे नारिंगी फुलपाखरूही पक्ष्यांस रुचत नाही. वॉलेस ह्यांच्या अनुमानाची परीक्षा जेनर वेअर ह्यांनी पाळीव पक्ष्यांवर केली. पक्ष्यांनी मळकट, गुळगुळीत सुरवंट खाल्ले. भडक रंगाचे मात्र नाकारले.

मोराविषयी मात्र वॉलेस ह्यांचे डार्विन ह्यांच्याशी जमले नाही. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांस पिसारा काय असतो हे सांगणे नको. लांडोर जमिनीवर अंडी उबविते, म्हणून तिचा रंग लपविणारा असतो, हे वॉलेस ह्यांचे म्हणणे सयुक्तिक होते. परंतु पिसाऱ्याचे सौंदर्य हा केवळ नराच्या अंगच्या जोमाचा परिणाम आहे, हे त्यांचे मत टिकले नाही. पुढे काही मोरांच्या पिसाऱ्यातील डोळे कापून पाहण्यात आले, तेव्हा अशा मोरांस लांडोरी कमी मिळाल्या.

वॉलेस ह्यांच्यानंतर डोळ्यांचेही ज्ञान पुष्कळ वाढले. रंग ओळखणाऱ्या पेशी मनुष्याच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, गाईबैलांच्या डोळ्यांत दोन प्रकारच्या, तर बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या असतात. मधमाशीस तांबडा रंग ओळखता येत नाही, पण आम्हांस अदृश्य असे जंबुपार किरण दिसतात. म्हणजे रंगाचा अर्थ पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो. सुरवंटाकडे पक्ष्याच्या दृष्टीने पाहावयास वॉलेस ह्यांनी शिकविले, हे त्यांचे मोठेच ऋण आहे.

मतभेद असूनही ह्या दोघांच्या स्नेहात अंतर पडले नाही. वॉलेस ह्यांची आर्थिक ओढाताण पाहून डार्विन ह्यांनी खटपट करून 1881 साली त्यांस सरकारी वर्षासन मिळवून दिले. 1882 साली डार्विन ह्यांच्या शवपेटिकेस खांदा देणाऱ्यांत वॉलेस होते. 1889 साली स्वतःच्या ग्रंथास त्यांनी डार्विन ह्यांचेच नाव दिले. 7 नोव्हेंबर 1913 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले.

सत्यासाठी मित्राशीही वाद करावा, पण मनात किल्मिष ठेवू नये, आणि दारिद्र्यास भिऊन ज्ञानाची वाट सोडू नये, हेच ह्या चरित्राचे सार आहे. सृष्टिकर्त्याने मांडलेला रंगांचा हा ग्रंथ आमच्या माळावरही उघडाच आहे. तो वाचण्यास डोळस जिज्ञासा तेवढी पाहिजे.